चाळीस वर्षांची चेष्टा

गोपीनाथराव रिसबूड हे फार मोठे चित्रकार आहेत, असं स्वतः गोपीनाथराव रिसबूड म्हणायचे. बाकी कुणी म्हटल्याचं अच्युतच्या तरी ऐकण्यात नव्हतं. आणि अच्युत त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानाचा मोठा त्यांच्याच घरात झालेला. कुणी म्हटलं असतं तर त्याच्या कानावर आलंच असतं.

म्हातारा अडुसष्टचा. तरुणपणी मुंबईला चित्रकला शिकायला गेला, दोन वर्षांत मास्तरांशी भांडून बाहेर पडला आणि थेट माळव्यातल्या रतनखेडा संस्थानात जाऊन दरबारी चित्रकार झाला. संस्थान केवढं, तर राजेसाहेब शिंकले की शेजारच्या संस्थानात ऐकू जायचं. तिथे त्याने तीस वर्षं राजे काढले. उभे राजे, बसलेले राजे, मेलेल्या वाघावर पाय ठेवलेले राजे. वाघ दुसऱ्याच कुणी मारलेला असायचा, पाय मात्र राजांचा. राण्या पडद्यात, म्हणून त्यांचे दागिने आणून पाटावर मांडायचे आणि म्हातारा त्यांच्यामागे अंदाजाने बाई काढायचा. इंग्रज एजंट आला की एजंट. एजंटाची मडम आली की मडमेचं कुत्रं.

मग स्वातंत्र्य आलं. संस्थान विलीन झालं, राजेसाहेब तनखा घेऊन घरी बसले आणि म्हाताऱ्याच्या खोलीत सात-आठ अर्धवट राजे पडून राहिले. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. ह्याने राजांची डोकी खरवडली आणि त्याच धडांवर खादीवाल्या पुढाऱ्यांची डोकी बसवली. अंगरख्याला पांढरा हात मारला की झालं. एका धडाच्या कमरेला तलवार होती, ती काही केल्या झाकेना, तेव्हा तिची काठी केली. तो पुढारी अजून ती मुठीची काठी धरून उभा आहे. अहिंसेवर बोलता बोलता उपसेल की काय, असं वाटतं.

अच्युत तोवर नागपूरला सचिवालयात चिकटला होता, भाषांतर शाखेत. इंग्रजीचं मराठी, मराठीचं हिंदी, हिंदीचं पुन्हा इंग्रजी. म्हातारा त्याच्याकडे राहायला आला तो सगळे पुढारी आणि जुन्या राजे-मडमांच्या ठेवून घेतलेल्या नकला घेऊनच. अच्युतची बायको वंदना शाळेत शिकवायची. तिने पुष्कळ सोसलं. लोणच्याच्या बरणीत टर्पेंटाइन सोसलं, पोळपाटावर कालवलेला रंग सोसला. पण मुलीच्या पाळण्यातली चादर फाडून म्हाताऱ्याने ती चौकटीवर ताणली आणि तिच्यावर एक डेप्युटी कमिशनर काढला, तेव्हा तो तिच्या मनातून उतरला तो उतरलाच.

छप्पन साली राज्यांची मोडतोड झाली. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आणि मध्य प्रदेशची राजधानी उठली ती भोपाळला आली. कारकुनांना विचारलं, इकडे राहता की तिकडे जाता. अच्युतला नागपूर सोडायचं नव्हतं. घरात बसून म्हाताऱ्याने निर्णय दिला.

"भोपाळ," तो म्हणाला. "नागपूरच्या भिंती भरल्या. तिथे इंग्रज टांगलेत, इंग्रजांच्या शेजारी पुढारी टांगलेत, खिळा ठोकायला जागा नाही. नवी राजधानी म्हणजे कोऱ्या भिंती, अच्युता."

एक माणूस भिंतींसाठी गाव बदलतो आणि दुसरा ते ऐकून अर्ज भरतो. अच्युतने भरला. का भरला हे त्याला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. वडिलांसमोर, नानांसमोर, नाही म्हणायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. वंदनाला मात्र ठाऊक होतं. "नाना जिथे, तिथे मी नाही," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन नागपुरातच राहिली.

त्याला दोन वर्षं झाली. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या, सगळीकडे नव्या बांधकामाची धूळ, पुढच्या खोलीत उजेड चांगला म्हणून तिथे म्हातारा आणि त्याचं दरबारी लचांड. अच्युत स्वयंपाकघरात झोपायचा, पाय दाराबाहेर. भोपाळच्या भिंती कोऱ्याच होत्या, पण त्यांनी म्हाताऱ्याला काही बोलावलं नाही. तो रोज धुतलेलं धोतर नेसून एकेका साहेबाच्या दारात जाऊन बसायचा. साहेब मीटिंगमध्ये असायचे.

अशात नागपूरहून निरोप आला. तिथे मिश्रा नावाचा एक कारकून अडकला होता, घर होशंगाबादला. त्याला इकडे यायचं होतं. दोघांनी मिळून अर्ज केला तर जागांची अदलाबदल होणार होती, वरच्या साहेबांची हरकत नव्हती. मिश्राने कळवलं, महिनाअखेरीपर्यंत हो म्हणा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर नीळकंठ धारप बसायचा, तोही नागपूरचाच. त्याला हे कळलं.

"मग म्हण ना बे हो," नीळकंठ म्हणाला.

"नानांचं काय करू?"

"नानांना विचार."

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग विचारू नको."

"असं कसं?"

नीळकंठने पान तोंडात टाकलं आणि पुढे काही बोलायचं नाही असं ठरवलं. अच्युतशी बोलताना बहुतेक लोक पान तोंडात टाकायचे.

अच्युतला हवं होतं ते एवढंच, की म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, चल, हे गाव आपल्या लायकीचं नाही. असं तो पूर्वी म्हणालेला होता. नागपुरात एकदा कुणीतरी त्याचं प्रदर्शन भरवलं होतं, आमंत्रणावर 'रिसबूड'चं 'रिसबड' छापलं गेलं. म्हाताऱ्याने पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत सगळी चित्रं उतरवली आणि टांग्यात घालून घरी आणली, आणि मग त्याला नागपूरच्या भिंती भरलेल्या दिसायला लागल्या. अपमान झाला की हा माणूस गाव सोडतो. भोपाळात त्याचा अजून नीट अपमान झालेला नव्हता, नुसतं दुर्लक्ष झालं होतं. दुर्लक्ष त्याला कळायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच भटनागर साहेब उपटले.

भटनागर साहेब नव्या सांस्कृतिक शाखेचे अंडर सेक्रेटरी. शाखेला वर्ष झालं होतं आणि वर्षभरात संस्कृती म्हणून एक कव्वालीचा कार्यक्रम आणि एक फुलांचं प्रदर्शन एवढंच झालं होतं. मंत्रिमहोदयांनी विचारलं होतं, और क्या? तेव्हा साहेबांना आठवलं की एक धोतरवाला म्हातारा दारात बसलेला असतो.

"एकल प्रदर्शनी," ते अच्युतला समोर बसवून म्हणाले. "पूरा जीवन. शुरू से आज तक. मंत्रीजी उद्घाटन करेंगे. रिसबुड बाबू, आपके पिताजी तो छुपे हुए रत्न निकले."

लपलेलं रत्न घरी स्वयंपाकघरातल्या चुलीवर सरस उकळत होतं. बातमी ऐकून त्याने एवढंच विचारलं, "भिंती किती लांब आहेत?"

नावावरून घोळ झाला. म्हाताऱ्याला हवं होतं 'चाळीस वर्षांची तपश्चर्या'. भटनागर साहेब म्हणाले, तपस्या नको, मंत्रीजींना तो शब्द चालत नाही, ते स्वतः तीनदा तुरुंगात जाऊन आलेत, दुसऱ्या कुणी तपस्या केलेली त्यांना आवडत नाही. काही विनम्र द्या. अच्युतने हे घरी येऊन सांगितलं. म्हातारा पाऊण तास खोलीत येरझारा घालत राहिला. विनम्र शब्द त्याच्याकडे नव्हता, तो शोधत होता.

"धडपड लिही," शेवटी तो म्हणाला. "चाळीस वर्षांची धडपड. त्याचं काय हिंदी करायचं ते कर, तेवढ्यासाठीच तुला सरकार पोसतंय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अच्युत शब्दकोश पुढ्यात घेऊन बसला. धडपड. प्रयास, प्रयत्न, उद्योग. पान उलटलं. चेष्टा.

तो तिथेच थांबला.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटाटोप. चांगला भारदस्त शब्द, पुस्तकी लोकांच्या तोंडचा. मराठीत चेष्टा म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चालीस वर्ष की चेष्टा. हिंदी माणसाला वाचून वाटणार, काय हा नम्र कलावंत. आणि भोपाळात मराठी माणसांची काही कमी नव्हती. सचिवालयातले नागपूरकर, नव्या कारखान्यावर आलेले पुण्या-मुंबईचे इंजिनीअर, त्यांच्या बायका. ते वाचणार: चाळीस वर्षांची टिंगल. हसणार. म्हाताऱ्याला दोन्ही भाषा येत होत्या, तीस वर्षं माळव्यात काढलेली. तो वाचणार, लोकांचं हसणं ऐकणार, चित्रं उतरवणार आणि म्हणणार, चल. कुणाला दोष देता येणार नाही. शब्दकोश उघडून दाखवला की काम संपलं.

इतकी हुशारी अच्युतने जन्मात केली नव्हती. त्याने स्वच्छ अक्षरात कागदावर नाव लिहिलं आणि भटनागर साहेबांपुढे ठेवलं.

"चेष्टा," साहेब डोळे मिटून म्हणाले. "वाह. क्या शुद्ध शब्द है. रिसबुड बाबू, हिंदी तो आप लोगों से सीखे कोई."

नीळकंठने तो कागद वाचला आणि खुर्ची अच्युतकडे वळवली.

"मुद्दाम?" त्याने विचारलं.

"कोशात आहे."

"मी ते नाही विचारलं."

अच्युत फाइलीत डोकं घालून बसला.

प्रदर्शन भरलं ते नबाबी काळातल्या एका दिवाणखान्यात. झुंबर कधीचं कुणीतरी उचललं होतं, छताला नुसता हूक राहिला होता आणि त्याच्या बाजूला सरकारने ट्यूबलाइट लावली होती. त्या पांढऱ्या उजेडात म्हाताऱ्याचे राजे काविळीतून उठल्यासारखे दिसत होते. एका ओळीत राजे, मग इंग्रज, मग पुढारी, शेवटी गव्हर्नर. कुणी मागून येऊन फक्त टोप्या बदलत गेलंय, असंच वाटायचं. सगळे त्याच खुर्चीत बसलेले, सगळ्यांचा उजवा हात त्याच मांडीवर. चाळीस वर्षांत म्हाताऱ्याला दुसरी खुर्ची सुचली नव्हती.

रविवारची सकाळ. कापडी फलक दाराच्या कमानीवर चढवला तेव्हा म्हातारा आत शेवटचे खिळे ठोकत होता. बाहेर मराठी मंडळी जमायला लागली. कारखान्यावरच्या एका बड्या इंजिनीअरची बायको लीलावतीबाई, महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षा, त्यांनी मान वर करून फलक वाचला. मग पुन्हा वाचला. मग पदर तोंडाला लावला.

"अगंबाई, हे कुणी लिहिलं?"

"सरकारने," नीळकंठ म्हणाला. "सरकारला उशिरा का होईना, पण कळतं."

हशा पिकला. एकाने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणीतरी मोठ्याने वाचलं, मराठी उच्चार करून, चे-ष्टा. इंजिनीअर लोक चष्मे पुसायला लागले. बाजूला हिंदी मंडळी उभी होती, त्यांना कळेना की ह्या लोकांना एवढा आनंद कशाचा झालाय. भटनागर साहेबांना वाटलं, कार्यक्रम रंगतोय.

अच्युत खांबाला टेकून उभा होता. म्हातारा हातात हातोडी घेऊनच बाहेर आला. हसणारे गप्प झाले, पण पुरते नाहीत. नाकातून आवाज येत होते. म्हाताऱ्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मान वर केली आणि फलक वाचला.

अच्युतने मनात टांगा बोलावून ठेवला होता.

"वाकडं लावलंय," म्हातारा फलकवाल्याला म्हणाला. "बाएँ से ऊपर लो. और थोड़ा. बस."

फलक सरळ झाला. म्हातारा मराठी मंडळींकडे वळला.

"हसा," तो म्हणाला. "लाजता कशाला? शब्द बरोबर आहे. चाळीस वर्षं मी ज्यांची चेष्टा केली ते सगळे आत टांगलेत. त्यांना कळली नाही, तुम्हाला तरी कळतेय का बघू. या."

आणि तो आत गेला. मंडळी त्याच्या मागे.

पुढे जे झालं ते अच्युतला बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. म्हातारा पहिल्या राजासमोर उभा राहिला. "हे रतनखेड्याचे श्रीमंत. ह्यांना हनुवट्या दोन होत्या. मी तीन काढल्या. महाराज म्हणाले, वा, भारदस्त झालंय." मंडळी हसली. "ही एजंटाची मडम, हे तिच्या मांडीवरचं कुत्रं. दोघांना एकच डोळे दिलेत, जवळ जाऊन बघा. बक्षीस मिळालं." लीलावतीबाई जवळ जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, अय्या, खरंच की. मग म्हातारा काठीवाल्या पुढाऱ्याकडे आला. "हे प्रांताचे अध्यक्ष. डोकं ह्यांचं, पोट राजेसाहेबांचं. मापं घ्यावी लागली नाहीत. स्वराज्यात पोटं तीच राहिली, मला नुसतं डोकं बदलावं लागलं."

हे ऐकून इंजिनीअर लोक खुदकन हसले आणि मग आजूबाजूला कुणी सरकारी माणूस आहे का ते बघायला लागले. दोन वर्षांत ह्या लोकांनी म्हाताऱ्याला रस्त्यात नमस्कार केला नव्हता. आता त्याच्याभोवती गर्दी होती. नीळकंठसुद्धा मान डोलावत होता.

"काय बे, तुझा बाप तर भारी निघाला," तो अच्युतच्या कानाशी म्हणाला.

"खोटं बोलताहेत," अच्युत म्हणाला. "आत्ता, उभ्या उभ्या बनवताहेत."

त्याला पक्कं आठवत होतं. चित्रात त्याच राजाच्या मिशीचा एक केस खाली वळला म्हणून नानांनी तीन वेळा माफी मागितली होती, कमरेत वाकून. तिसरी हनुवटी उन्हाळ्यात राजा आणखी सुटला म्हणून आली होती. आणि मडमेचे डोळे कुत्र्यासारखे झाले ते नानांना दुसरे डोळे काढता येत नव्हते म्हणून. चाळीस वर्षांची लाचारी ह्या माणसाने एका शब्दाच्या आडोशाने धुऊन काढली. आणि शब्द कुणी हातात दिला, तर अच्युतने.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मंत्रिमहोदय आले. जाड, ठेंगणे, खादीचा कडक कोट, मागे चार माणसं. म्हाताऱ्याने हातोडी खिडकीत ठेवली, उपरणं सारखं केलं, पाठ वाकवली. अच्युतने ती पाठ लहानपणापासून पाहिलेली होती. ती रतनखेड्याची पाठ होती.

"चालीस वर्ष की चेष्टा," मंत्रिमहोदय म्हणाले. "वाह पंडितजी. आजकल तो दो दिन में लोग तपस्वी हो जाते हैं. आपने सिर्फ़ चेष्टा कहा. इतनी विनम्रता."

"बस, चेष्टा ही है हुज़ूर," म्हातारा म्हणाला. "बाकी आप लोगों की कृपा."

आणि तीच चित्रं त्याने पुन्हा पहिल्यापासून दाखवली, हिंदीत. राजाच्या तिसऱ्या हनुवटीपुढे तो म्हणाला, "ये जो मुख पर भराव है, ये प्रजा का प्रेम है." मडमेपुढे म्हणाला, "यहाँ जीवमात्र में एक ही दृष्टि दिखाने का यत्न किया है." काठीवाल्यापुढे हात जोडून म्हणाला, "और ये लाठी नहीं, आत्मबल है." मंत्रिमहोदय गंभीर होत गेले. काठीपुढे तर त्यांचे डोळे पाणावले. मागे मराठी मंडळी एकमेकांच्या पाठीत तोंडं खुपसून उभी होती. लीलावतीबाईंना खोकल्याची उबळ आली म्हणून त्या बाहेर गेल्या.

एकाच चित्रापुढे एकाच माणसाने दोन भाषांत दोन थापा मारल्या आणि दोन्हीकडे वाहवा मिळवली. अच्युतने आयुष्यभर भाषांतर केलं, पण असं भाषांतर त्याच्या शाखेत कुणाला जमलं नसतं.

शेवटच्या गव्हर्नरपाशी मंत्रिमहोदय थांबले. नव्या इमारती उठताहेत, म्हणाले, त्या सगळ्यांमध्ये मोठमोठी चित्रं लागतील, थोर पुरुषांची. पंडितजींना इथेच मागच्या बाजूला एक खोली द्या, तिथे बसून काढतील. भटनागर साहेबांनी मान हलवली. मग मंत्रिमहोदयांनी विचारलं, "ये शीर्षक किसने सोचा?"

म्हाताऱ्याने हात लांब केला आणि खांबाआडून अच्युतला पुढे ओढलं.

"मेरा बेटा. आप ही के सचिवालय में है. शब्दों का आदमी है."

"तो इन्हें पंडितजी के साथ ही लगा दीजिए," मंत्रिमहोदय भटनागरांना म्हणाले. "हर चित्र का परिचय ये लिखेंगे. बाप की कला, बेटे की भाषा. स्थायी रूप से."

कायमचं. मिश्रा, नागपूर, वंदना, सगळं त्या जीपमध्ये बसून निघून जाताना अच्युतला दिसलं. एकच वाट उरली होती, खरं बोलायची. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, अगदी शांतपणे, चित्रासाठी समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"साहब," अच्युत म्हणाला. "साहब, मराठी में चेष्टा का मतलब मज़ाक होता है. खिल्ली. मैंने जानबूझकर लिखा था."

भटनागर साहेबांचा रंग राजांसारखा झाला.

मंत्रिमहोदयांनी अच्युतकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि पोट हलेस्तोवर हसले.

"देखा भटनागर? बाप अपनी कला को चेष्टा कहता है, बेटा चेष्टा को भी मज़ाक कहता है. पूरा परिवार ही विनम्र है." आणि त्यांनी अच्युतच्या पाठीवर थाप मारली.

जीप गेली. मराठी मंडळीही हळूहळू घरी गेली, मटणाची वेळ झाली होती. दुपारभर चार-दोन माणसं येऊन गेली. ऊन उतरलं तेव्हा दिवाणखान्यात म्हातारा, अच्युत आणि दाराशी चौकीदार एवढेच राहिले. म्हातारा खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर, आपल्याच चित्रातल्यासारखा.

"मिशीचा केस खाली वळला म्हणून तुम्ही राजाची माफी मागितली होती," अच्युत म्हणाला. "मी बघितलंय."

"मागितली होती."

"मग चेष्टा कसली केलीत?"

"तीही केली असेल थोडी. तुला काय, उलटतपासणी घ्यायचीय?" म्हाताऱ्याने पाय लांब केले. "तू सांग. तो शब्द कशाला काढलास?"

अच्युत भिंतीवरची एक चौकट सरळ करायला लागला.

"बोल की. मंत्र्यापुढे तोंड उघडलंस, माझ्यापुढे काय झालं?"

"तुम्ही चिडाल वाटलं. चित्रं उतरवाल. मग आपण नागपूरला जाऊ."

म्हाताऱ्याला राग येईल असं अच्युतला वाटलं होतं. आला नाही. आलं ते वेगळंच. दुकानदार फाटकी नोट उलटीपालटी करून परत देतो, तसं त्याने मुलाकडे पाहिलं.

"आपण?" तो म्हणाला. "मला कशाला नागपूर? तुला जायचं होतं?"

"दोन वर्षं."

"आणि एवढ्यासाठी तू शब्दकोश काढलास? फलक रंगवलास, मंत्री आणलास, गावाला माझ्यावर हसवलंस? सरळ तोंडाने सांगायचं, नाना, मी जातो."

"तुम्ही जाऊ दिलं असतं?"

"नसतं. आईवरून शिव्या घातल्या असत्या. पण तू गेला असतास."

ह्या माणसाची अच्युतला लाज वाटायची, तीस वर्षं वाटत आली होती, ती काही आज कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. फक्त तीत आता स्वतःचीही मिसळली होती.

"चित्रं भिकार असतील माझी," म्हातारा म्हणाला. "तुझं तेच मत आहे, मला काय कळत नाही? तुझ्या बायकोचंही तेच. पण भिकार काय आणि चांगलं काय, प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझं नाव आहे. वाकलो तर नावानिशी वाकलो. तू आयुष्यात एक गोष्ट केलीस, ती बिननावाची, कोशाच्या मागे लपून. असला माणूस माझ्या चित्रांखाली परिचय लिहिणार?"

"नाही लिहिणार."

"काय?"

"मी जातो नाना. नागपूरला. उद्या मिश्राबरोबर अर्ज देतो."

म्हातारा उठून उभा राहिला. त्याने बोललेलं खरं केलं. त्याने आईवरून शिव्या घातल्या, मग वंदनावरून, मग नागपूरवरून, मग मिश्रा कोण हे माहीत नसताना मिश्रावरून. रतनखेड्याच्या तबेल्यात शिकलेल्या शिव्याही त्यात होत्या, आणि काही अगदी शुद्ध कोकणी घराण्यातल्या. दिवाणखाना घुमला. अच्युत सगळ्या ऐकत उभा राहिला, एकही चुकवली नाही, आणि म्हाताऱ्याला धाप लागली तेव्हा वळून दाराकडे चालायला लागला. मागून पुन्हा सुरुवात झाली.

चौकीदार स्टुलावरून अर्धवट उठला होता.

"क्या कह रहे हैं बाबूजी?" त्याने घाबरून विचारलं.

"गाली दे रहे हैं," अच्युत म्हणाला, आणि भिंतीला लावलेली सायकल काढून तारघराच्या रस्त्याला लागला, मिश्राला तार करायची होती.